सामान्य गणिताचे तेवीस अर्ज

२७ मार्च. शाळेतल्या जुन्या कागदांचं निर्लेखन करायचं होतं. ठेवायची मुदत संपलेले कागद बाहेर काढायचे, त्यांची यादी करायची, समितीच्या सह्या घ्यायच्या आणि जाळून टाकायचे, याला निर्लेखन म्हणतात. समितीत आम्ही तिघं : मी, लिपिक आणि शिपाई देवाजी. लिपिकाला त्या दिवशी तालुक्याला बोलावणं आलं, म्हणून देवाजीनं गठ्ठे उपसायचे आणि मी नोंद करायची असं ठरलं.

कोपऱ्यातलं लोखंडी कपाट उघडलं, तर खालचे दोन कप्पे वाळवीनं आधीच संपवले होते.

"बाई, हिले बी समितीत घेऊन टाका," देवाजी मातीचा पापुद्रा झाडूनं पाडत म्हणाला. "आपल्यापेक्षा जास्त काम हिनंच केलं."

"सही कुठं करेल ती?"

"कुठी बी करन. कागद सोडते का ती?"

हजेरीपट निघाले, रजेचे अर्ज निघाले, पोषण आहाराची पत्रकं निघाली. मी लिहीत गेले. मग वरच्या कप्प्यातून त्यानं एक पिवळी फाईल माझ्यासमोर ठेवली. वर माझंच अक्षर : 'इयत्ता आठवी. गणित विषय निवड.' आत किती अर्ज आहेत हे मला न उघडता माहीत होतं. तेवीस.

यादीत फक्त 'फाईल, एक' एवढंच लिहायचं होतं. मी पेनाला टोपण लावलं आणि देवाजीला चहा ठेवायला पाठवलं.

मी गणित शिकवते. एकतीस वर्षं झाली. कुरखेड्याहून आत, जंगलाच्या अंगानं वसलेल्या एका मोठ्या गावात आमची शाळा आहे. आजूबाजूच्या सात-आठ गावांची मुलं येतात. घरं धानावर आणि जंगलावर चालतात, त्यामुळे आमच्या शाळेचं वर्ष कॅलेंडरसारखं नसतं. जुलैत रोवणी, म्हणजे धानाची लावणी, लागली की बाकं रिकामी. मार्चमध्ये मोह पडायला लागला की घरातलं प्रत्येक माणूस पहाटे झाडाखाली, कारण मोहफूल सकाळीच वेचावं लागतं, उशीर केला तर जनावरं खाऊन जातात. नवा शिक्षक हजेरीपट पाहून रडकुंडीला येतो. जुना शिक्षक अवघड धडे रोवणीनंतर आणि मोहाच्या आधी उरकून घेतो. हे कुठल्याही प्रशिक्षणात सांगत नाहीत.

गणिताच्या शिक्षकाला पालक फारसं काही विचारत नाहीत. एकदा एक आजोबा नातवाची वही घेऊन आले आणि म्हणाले, "बाई, तुमी अक्षरायची बेरीज करता म्हणे. मंग मराठीचे मास्तर काय करते?" मी म्हटलं, ते वजाबाकी करतात. आजोबांचं समाधान झालं.

हुशार मूल कसं ओळखायचं, असं मला नवे शिक्षक विचारतात. मी सांगते, उत्तरावरून ओळखू नका. उत्तर गाईडमध्ये असतं. प्रश्न कुठल्या गाईडमध्ये नसतो.

वनिता मेश्राम सातवीत होती. मी फळ्यावर आयताचं क्षेत्रफळ शिकवत होते. ती उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, आमच्या बांधीले एक बी काटकोन नाई. मंग तिले क्षेत्रफळ नाई का?"

बांधी म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत. जमिनीच्या उतारानं जसा बांध जाईल तसा तिचा आकार. वर्ग हसला. मी हसले नाही. म्हटलं, तूच शोध. दोन दिवसांनी तिनं वहीत बांधीचं चित्र काढून आणलं. बैलाच्या दोरानं तिनं सगळे बांध मोजले होते, मधून दोन तिरप्या रेघा मारून तीन त्रिकोण पाडले होते, आणि तिथं येऊन अडली होती, कारण त्रिकोणाची उंची कशी मोजायची ते चिखलात कळत नव्हतं. नुसत्या तीन बाजूंवरून त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढायचं एक सूत्र आहे. ते वरच्या वर्गात येतं. मी तिला तेव्हाच दिलं. वर्गमूळ तिला नीट येत नव्हतं, तिनं ते अंदाजानं, खालीवर करत काढलं आणि उत्तर जवळपास बरोबर आणलं. त्या संध्याकाळी मी घरी स्वयंपाक करताना गुणगुणत होते, असं माझे यजमान म्हणाले. मला गाता येत नाही.

आता सामान्य गणित म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मधली काही वर्षं दहावीला गणिताचे दोन पर्याय होते. एक नेहमीचं, बीजगणित आणि भूमितीचं. दुसरं सामान्य गणित : टक्केवारी, व्याज, सरासरी, रोजच्या व्यवहाराचं. ज्यांना बीजगणित अजिबात झेपत नाही त्यांचं दहावीतलं अडणं थांबावं, म्हणून ही सोय होती. सोय वाईट नव्हती. गणिताच्या पेपरच्या दिवशी उलट्या करणारा एक मुलगा त्या सोयीनं दहावी सुटला आणि आज उत्तम बस चालवतो. मात्र ज्यानं सामान्य गणित घेतलं त्याला पुढे अकरावीत गणित घेता येत नव्हतं आणि तंत्रनिकेतनाचा, म्हणजे ओव्हरसियर वगैरे होण्याचा, रस्ता बंद होत होता. हे सगळं तेरा-चौदा वर्षांच्या पोरांच्या एका अर्जावर ठरायचं. पुढे तो पर्यायच बंद झाला, पण आमच्या शाळेत त्याआधी तेवीस अर्ज भरून झाले होते.

असा अर्ज काय करू शकतो हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. मी माजरीची. वडील कोळसा खाणीत होते. दहावीनंतर मी विज्ञान शाखेत प्रवेशाचा अर्ज भरला तेव्हा कॉलेजच्या बाबूनं माझ्या देखत 'गणित' खोडून 'जीवशास्त्र' लिहिलं. मुलगी होते, म्हणून. मी घरी येऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी वडील पहिली पाळी संपवून थेट तिथं गेले. पापण्यांत कोळसा तसाच. मी मागे उभी होते.

"साहेब, पोरगी म्हणते गणित, तुमी लिवलं दुसरंच. शिकणार कोण हाये, तुमी का पोरगी?"

"रामटेके, मुलींना गणित झेपत नाही. नापास झाली की रडत याल."

"रडीन तं रडीन. ते खोडा."

बाबू म्हणाला उद्या या. वडील तिथल्या बाकावर बसले आणि कार्यालय बंद व्हायच्या वेळेपर्यंत बसून राहिले. शेवटी त्यानं खोडलं.

त्या वर्गात मुलगी मी एकटी. सर शिकवताना माझ्या बाकाकडे बघत नसत, उत्तर मी दिलं तरी शाबासकी समोरच्या बाकाला मिळायची. पण विकलन शिकले, संकलन शिकले. 'सीमा' नावाची गोष्ट शिकले, जिच्या जवळ जवळ जात राहायचं असतं. एक उदाहरण मला तीन दिवस सुटत नव्हतं. चौथ्या दिवशी सार्वजनिक नळावर रांगेत उभी असताना सुटलं, आणि मी बादली तिथंच ठेवून घरी पळाले. बादली गेली. आईनं मारलं. तरी त्या वर्षातलं मला तेवढंच लख्ख आठवतं. त्या गणितानं मला नोकरी दिली आणि एक सवय दिली : कोणी 'असंच असतं' म्हणालं की 'काऊन?', म्हणजे 'का?', विचारायची.

वनिता आठवीत होती त्या मार्चमध्ये ती सवय कुठं गेली होती, ते मला आजही सांगता येत नाही.

आदल्या वर्षी आमचा दहावीचा निकाल पडला होता, आणि तो गणितात पडला होता. तेव्हाचे मुख्याध्यापक, त्यांना आम्ही मोठे सर म्हणायचो, वरून बोलणी खाऊन आले होते. त्यांनी मला कार्यालयात बोलावलं.

"बाई, आठवीतली कच्ची पोरं आत्ताच वेगळी काढा. सामान्य गणिताला टाका. दोन वर्षांनी ही कटकट नको."

"कच्ची म्हणजे कोणती, सर?"

"शेवटच्या चाचणीचे गुण लावा. खालून मोजा. वीसच्या वर पाहिजेत."

"पालकांची संमती लागते."

"घ्या की. तुम्ही म्हटल्यावर कोण नाही म्हणतं?"

मी वाद घातला नाही. गणिताचा निकाल पडला म्हणजे माझा पडला होता. गावात किराणा आणायला गेले तरी लोक त्याच नजरेनं बघतात असं मला वाटायचं. मी यादी करायला बसले.

शेवटची चाचणी मोहाच्या दिवसांत झाली होती. वनिता त्या दिवशी नव्हती. गुणपत्रकात मी तिच्यापुढे 'गै', म्हणजे गैरहजर, लिहिलं होतं. आता गुणांच्या क्रमानं यादी लावायची तर 'गै' कुठं बसवणार? क्रम लावायला आकडा लागतो. मी शून्य लिहिलं. गणिताच्या शिक्षिकेनं 'माहीत नाही' आणि 'काहीच नाही' या दोन गोष्टी एक केल्या. आठवीतलं मूल असं करतं तेव्हा मी त्याची वही परत देते.

शून्य लिहिल्यावर वनिता यादीत तळाशी गेली. ती तिथं शोभत नाही हे मला त्याच क्षणी दिसलं. तिला काढलं असतं तर बावीस उरले असते, चाललं असतं. पण मी मनात एक हिशोब मांडला : ही रोवणीला येणार नाही, मोहाला येणार नाही, दहावीला तिनं मार खाल्ला तर तो पुन्हा माझ्या निकालावर. सामान्य गणितात मात्र ही नक्की पहिली येईल. मी नाव राहू दिलं.

मोहाच्या दिवसांत पालक शाळेत येत नाहीत, म्हणून अर्ज घेऊन मीच गावोगाव फिरले. अर्जात एक रकाना होता, 'पालकाचे मत'. त्यात मीच सगळ्यांसाठी एकच वाक्य लिहून ठेवलं होतं : 'माझ्या पाल्यास सामान्य गणित हा विषय द्यावा, ही विनंती.' तेवीस वेळा. खाली फक्त सही किंवा अंगठा.

वनिताचे वडील सुखदेवभाऊ अंगणात मोह वाळत घालत होते. सगळं अंगण पिवळं. त्यांनी मला खाट दिली, स्वतः उभे राहिले.

"भाऊ, इथं अंगठा द्या. पोरीला सोपं गणित देतोय."

"अंगठा नाई, बाई. सही करतो." ते हसले. "पोरीनं शिकवली ना या साली. आजवर कुठी करा नाई लागली."

त्यांनी हात धुतले, पुसले, पेन धरला. मग थांबले.

"बाई, यानं पुढं काई अडते का पोरीचं?"

मी म्हटलं, "नाही अडत."

पुढे अनेकदा मी त्या दोन शब्दांच्या जागी दुसरं वाक्य घालून पाहिलं आहे. 'तशी हुशार आहे, पण.' 'तंत्रनिकेतनाला जायचं असेल तर.' कुठलंही चाललं असतं. मी त्यांतलं एकही म्हटलं नाही, कारण आणखी सहा घरं बाकी होती आणि ऊन वाढत होतं. त्यांनी बराच वेळ घेऊन सही केली. मी फुंकर घालून शाई वाळवली आणि निघाले.

नववीला वर्गाचे दोन भाग झाले. मधे बांबूच्या तट्ट्याची भिंत. अलीकडे मी बीजगणित शिकवायची, पलीकडे दुसरे सर सामान्य गणित. पहिल्याच आठवड्यात वनिता मधल्या सुटीत माझ्यासमोर आली.

"बाई, मी त्या वर्गात काऊन बसून राह्यली?"

"तुझ्या बाबांनी सही केली आहे."

वाक्य खरं होतं. माझ्या एकतीस वर्षांतलं सगळ्यांत खोटं वाक्य तेच.

त्यानंतर ती तट्ट्याला लागून असलेल्या बाकावर बसायला लागली. मी अलीकडे फळ्यावर उदाहरण द्यायची, माझी पोरं पेन चावत बसायची, आणि तट्ट्यापलीकडून हळू आवाजात उत्तर यायचं. पलीकडचे सर तिला रागवायचे. मी ऐकलं नाही असं दाखवायची. वर्षअखेरीस उत्तरं यायची थांबली.

दहावीला ती सामान्य गणितात शाळेत पहिली आली. आमचा निकालही वर गेला. मोठ्या सरांनी सगळ्यांना पेढे वाटले, त्यातला मीही एक खाल्ला.

त्या जूनमध्ये बाप-लेक बसनं तंत्रनिकेतनात गेली. तिला ओव्हरसियर व्हायचं होतं. बांधी मोजणारी पोरगी, तिला रस्ते मोजायचे होते. तिथल्या खिडकीतून अर्ज परत आला. दोन दिवसांनी सुखदेवभाऊ एकटेच शाळेत आले.

"बाई, तिथले बाबू म्हणते हे गणित चालत नाई. दुसरं गणित पाह्यजे. दुसरं गणित कोनतं असते?"

मी सांगितलं. ते ऐकत राहिले. त्यांच्या हातात वनिताच्या गुणपत्रिकेची पिशवी होती.

"मी तुमाले इचारलं होतं, बाई."

"हो."

"अंगणात. इचारलं होतं ना?"

"विचारलं होतं, भाऊ."

मला वाटलं आता आवाज चढेल. चढला असता तर माझी सुटका झाली असती. ते खाली बघून म्हणाले, "तिले नका सांगू. पोरगी म्हणते, बाबाले समजत नाई, बाबानं सही केली. म्हणू द्या. तुमच्यावरून मन उडालं तं शाळाच सोडन ते. बारावी तरी होऊ द्या तिची."

आमच्याच शाळेत कला शाखेची अकरावी-बारावी होती. ती तिथं शिकली. गणित पुन्हा बाहेरून देता येईल का, असं मी एकदा मोठ्या सरांना विचारलं. ते 'बघू' म्हणाले. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

बारावीनंतर तिचं लग्न झालं, कोरपन्याकडे. नवरा सिमेंट कारखान्यात ठेकेदाराकडे होता. माहेरी आली की आईशी बोलायची, बापाशी कामापुरतं, असं गावातून कानावर यायचं. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याचं काम सुटलं आणि दोघं इकडेच राहायला आली. शेती तीच बघायला लागली. गुत्त्यानं रोवणी करणाऱ्या बायका, म्हणजे एकराच्या बोलीवर काम घेणाऱ्या, आता बांधी मोजायला तिलाच बोलावतात. दोर घेते, त्रिकोण पाडते, मोबाईलवर वर्गमूळ काढते. तलाठ्यापेक्षा तिच्यावर त्यांचा भरवसा जास्त.

गेल्या हिवाळ्यात सुखदेवभाऊ गेले. मी तेरवीला गेले होते. वनिता मला ओसरीच्या कडेला घेऊन बसली.

"अखरीले बाबाची वाचा गेली होती, बाई. मी पाणी पाजलं, पाय दाबले, सारं केलं. पण मनातून ते सहीचं गेलं नाई माह्या. इतका साधा मानूस. सही कराच्या आधी कोनाले इचारलं काऊन नाई त्यायनं?"

मी तिला विचारलं, "तू जेवलीस का?"

हे मी बोलले. नंतर पंगतीत बसून जेवून आले.

देवाजी चहा घेऊन आला तेव्हा माझ्यासमोर सतराव्या क्रमांकाचा अर्ज होता. नाव : कु. वनिता सुखदेव मेश्राम. गुण : शून्य. पालकाचे मत : माझं अक्षर, माझं वाक्य. खाली सही. अक्षरं एकेक सुटी, आणि शिरोरेषा शेवटी एका दमात ओढलेली, जोरात, नाव संपून बोटभर पुढे गेलेली.

"काय सापडलं, बाई? खजिना?"

"चूक सापडली. माझी."

"मंग टाका जाळात. जुन्या चुका ठेवाले जागा कुठी हाये? नव्या तं रोज येऊन राह्यल्या."

मी त्याला म्हटलं, आज राहू दे, उद्या जाळू. तो अर्ज काढून पर्समध्ये ठेवला. त्या अंगणात काय बोलणं झालं, हे माहीत असलेलं माणूस आता मी एकटी उरले होते. हा अर्जही जळाला असता तर मी ते सांगेनच, असा भरवसा मला माझा नव्हता. तेरवीला पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला स्कूटी काढली. वनिता घरी नव्हती. तिच्या आईनं शेताकडे हात केला. बांधीच्या टोकाला त्यांचं मोहाचं झाड आहे. खालची जमीन झाडून लख्ख केलेली, त्यावर फुलं पडलेली. ती उकिडवी बसून टोपलीत वेचत होती.

"बाई? इतक्या सकाळी काऊन?"

मी बसले नाही. बसले असते तर आधी इकडचं तिकडचं बोलले असते.

"वनिता, तुझ्या बाबांनी विचारलं होतं. सही करायच्या आधी. यानं पुढं काही अडतं का, असं मला विचारलं. मी नाही म्हणाले. अडणार हे मला माहीत होतं. आणि त्या चाचणीला तू नव्हतीस. शून्य मी लिहिलं."

तिचा हात चालत राहिला. चार-सहा फुलं टोपलीत पडली.

"बाबाले माहीत होतं?"

"तंत्रनिकेतनातून परत आल्यावर कळलं. मला म्हणाले, तिला सांगू नका."

"काऊन?"

"तू शाळा सोडशील म्हणून."

आता हात थांबला. मी अर्ज दिला. तिनं माझं अक्षर बघितलंच नाही. खालच्या सहीवर बोट ठेवलं, शिरोरेषेवरून शेवटपर्यंत नेलं.

"रेघ शेवटी मारा, बाबा, असं मीच सांगतलं होतं," ती म्हणाली. "अक्षरं सरळ राह्यते म्हणून."

वरून एकेक फूल पडत होतं.

"दोन साल एका घरात होतो, बाई. तीन हातावर खाट होती त्यायची."

"हो."

"तुमी तेरवीले आल्या होत्या."

"हो."

"जेवून गेल्या."

"हो."

"जा आता. मले मोह येचाचे हायेत."

मी माफी मागितली नाही. मागितली असती तर तिच्या मागे आणखी एक काम लागलं असतं. कागद तिनं परत दिला नाही, मीही मागितला नाही. बांधावरून येताना मागे बघितलं तेव्हा ती तशीच बसलेली होती, टोपली बाजूला सरकवून.

शाळेत आले. देवाजीनं गठ्ठे मैदानात नेऊन ठेवले होते, काडेपेटी हातात. मी निर्लेखनाची यादी मागवली. लिहिलं : 'गणित विषय निवड अर्ज, बावीस. नष्ट.' खाली दुसरी ओळ घातली : 'अर्ज क्रमांक सतरा. परत केला.'

"बाई, परत केला तं कारण लिवा लागते," देवाजी म्हणाला. "तो शेऱ्याचा रकाना रिकामा ठेवला तं साहेब इचारते."

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं : 'विद्यार्थिनीस शून्य गुण नव्हते. गैरहजर होती.' आणि खाली पूर्ण नावानं सही केली.